फियाटच्या जाहिरातीमागे फियाट असते का?

"१९६७ची प्रीमियर पद्मिनी, सिंगल ओनर, एमएच-१५ पासिंग, चालू कंडिशन, ओरिजिनल पेंट." पद्मिनी म्हणजे आपली जुनी फियाट. ऑनलाइन लिलावातल्या या एका ओळीपायी माझे २६,००० रुपये गेले.

बोली लावायची मुदत रात्री १० वाजेपर्यंत होती. मी दहाला दहा कमी असताना आकडा टाकला. दहा वाजून दोन मिनिटांनी "अभिनंदन, गाडी तुमची" असा मेसेज आला आणि त्याच्या मागोमाग दुसरा: अर्ध्या तासात टोकन भरलं नाही, तर गाडी पुढच्या माणसाला जाईल. ११,००० भरले. दुसऱ्या दिवशी १५,००० ट्रान्सपोर्टचं डिपॉझिट, "गाडी दारात उतरली की परत". तिसऱ्या दिवशी जीपीएस ट्रॅकरसाठी ८,५०० मागितले, तेव्हा कुठे माझं डोकं ठिकाणावर आलं.

पुढच्या आठवड्यात आमच्या मिस्त्रीकाकांना जाहिरातीचा स्क्रीनशॉट दाखवला. त्यांनी हात पुसले, मोबाइल लांब धरून वाचला आणि म्हणाले, "सदुसष्ट साली पद्मिनी कुठली? आणि एमएच नंबर कुठला रे?" बस्स. जाहिरातीच्या पहिल्याच ओळीत दोन थापा होत्या आणि त्या मला दिसल्या नव्हत्या, कारण मी त्या ओळीत वडिलांची गाडी शोधत होतो.

तेव्हापासून एक कळलंय. फसवणाऱ्याला गाडीतलं काही कळत नाही, त्याला फक्त तुमची ओढ कळते. त्यामुळे गाडीबद्दलचे साधे साधे प्रश्नच त्याला उघडं पाडतात. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने घ्या. पहिल्या चार तर घरी बसून, एक पैसा न खर्चता होतात.

१. आधी अक्षरं वाचा, फोटो मागाहून

फोटो पाहिला की माणूस विरघळतो. म्हणून जाहिरातीतलं नाव, साल आणि मॉडेल आधी कागदावर लिहून काढा आणि ते तिन्ही एकमेकांशी पटतात का बघा.

फियाटचं घ्या. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही गाडी बनवायची. पन्नाशीच्या दशकातलं ते गोल, फुगीर मॉडेल, ज्याला आपल्याकडे सगळे 'डुक्कर फियाट' म्हणतात, त्याचे पुढचे दरवाजे उलटे उघडतात, म्हणजे बिजागऱ्या मागच्या बाजूला. ११०० डिलाइट आली १९६४ साली. पद्मिनी हे नाव सत्तरच्या दशकाच्या मध्यावर लागलं, त्याआधी थोडा काळ ती प्रेसिडेंट होती. म्हणजे '१९६२ची डिलाइट' किंवा '१९६७ची पद्मिनी' अशी गाडी असूच शकत नाही. डिलाइट आणि पद्मिनीला गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. खाली फ्लोअरवर गिअर आला तो अगदी शेवटच्या काळातल्या मॉडेलला. जाहिरात ६८ची आणि फोटोत गिअरचा दांडा दोन सीटांच्या मध्ये, तर एक तर कुणी तरी बदल केलाय किंवा फोटो दुसऱ्याच गाडीचा आहे.

ॲम्बेसेडरचंही तसंच. पश्चिम बंगालमध्ये उत्तरपाड्याच्या कारखान्यात ती १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून बनत होती आणि मे २०१४मध्ये कारखाना बंद पडला. त्यामुळे '२०१७ मॉडेल ॲम्बी, कमी चाललेली' असं कुणी लिहिलं, तर पुढे वाचूच नका. काँटेसा त्याच कंपनीची, तिची सुरुवात १९८४ची.

जीपच्या जाहिराती तर विचारू नका. प्रत्येक दुसरी जीप 'दुसऱ्या महायुद्धातली ओरिजिनल विलीज' असते. युद्धातल्या विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू या जीपच्या पुढच्या जाळीला नऊ उभ्या फटी असतात. युद्धानंतरच्या नागरी जीपला सात. महिंद्राने आपल्याकडे वर्षानुवर्षं बनवलेल्या सीजे-३बीचं बॉनेट उंच असतं, ते लांबूनही ओळखू येतं. फोटो मोठा करा आणि फटी मोजा. जाळी बदलता येते हे खरं, म्हणून नऊ फटी दिसल्या म्हणजे जीप युद्धातली ठरत नाही. पण सात दिसल्या तर युद्धाची गोष्ट सिद्ध करायचं काम विकणाऱ्याचं. हरियाणातल्या मंडी डबवालीत जुन्या-नव्या भागांतून जीप बांधून देण्याचा मोठा धंदा आहे. त्या जीप दिसायला देखण्या असतात, पण त्यांच्या आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या पुस्तकावर, नेमकी कुठली गाडी लिहिली आहे, हा वेगळा प्रश्न. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ गाडीत मनाला येतील तसे बदल करून चालत नाही.

साल चुकलं म्हणजे माणूस लबाड, असं लगेच धरू नका. कित्येक खऱ्या मालकांनाही डिलाइट आणि पद्मिनीतला फरक ठाऊक नसतो. घरात सगळे 'फियाट'च म्हणतात. चूक दाखवल्यावर तो काय करतो ते बघा. खरा मालक म्हणतो, "थांबा, आरसी बघून सांगतो." भामटा म्हणतो, "सर, चार जण रांगेत आहेत."

२. नंबर प्लेटलाही वय असतं

मोटार वाहन कायदा १९८८चा, लागू झाला १ जुलै १९८९ला. एमएच-१२, एमएच-०९ ही आजची पद्धत त्यानंतरची. त्याआधी तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढे आकडे असे नंबर असायचे. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर नंबर बदलत नाही. म्हणून महाराष्ट्रातच जन्मलेल्या आणि इथेच राहिलेल्या साठ-सत्तरच्या दशकातल्या गाडीला जुना तीन अक्षरी नंबर असायला हवा.

एमएच नंबर दिसला तर त्यामागे काही तरी गोष्ट असते: गाडी दुसऱ्या राज्यातून आली, किंवा लष्कराच्या लिलावातून उशिरा नोंदली गेली. यात गैर काहीच नाही. पण ती गोष्ट विकणाऱ्याला सांगता आली पाहिजे. 'सिंगल ओनर' आणि नाशिकचा एमएच-१५, वर काहीच गोष्ट नाही, हे १९६७च्या गाडीला जुळत नाही. तिथेच मी फसलो.

'व्हिंटेज नंबर' हा हल्लीचा परवलीचा शब्द. २०२१च्या जुलैत केंद्रीय मोटार वाहन नियमांत ५० वर्षांवरच्या दुचाकी-चारचाकींसाठी वेगळी तरतूद आली. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नंतर पुन्हा नोंदणीला ५,०००, मुदत १० वर्षं. अशा नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं. आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो. आता यातला सापळा पाहा: "कागद नाहीत, पण व्हिंटेजमध्ये आरामात बसेल." नाही बसत. भारतात आधी नोंदलेल्या गाडीची जुनी आरसी त्या अर्जालाही लागते, बाहेरून आलेलीला कस्टम्सचे कागद. शिवाय व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोज ऑफिसला न्यायची असेल तर हा रस्ता तुमचा नाही.

३. आता फोटो

प्रत्येक फोटो गूगल लेन्समध्ये टाका. रॅलीतले, लग्नाच्या शूटमधले, दुसऱ्या शहरातल्या तीन वर्षं जुन्या जाहिरातीतले फोटो यातच सापडतात. एखादा फोटो आरशासारखा उलटा करून टाकलेला असतो, म्हणजे शोधात येऊ नये. तो ओळखायला स्टिअरिंग बघा. आपल्याकडच्या फियाटचं स्टिअरिंग डावीकडे दिसलं तर फोटो उलटवलेला आहे, किंवा गाडी इटलीत उभी आहे.

मग गाडी सोडून आजूबाजूला बघा. मागच्या दुकानाची पाटी कुठल्या लिपीत आहे? जाहिरात कोल्हापूरची आणि मागे तमिळ पाटी? जाहिरात जानेवारीत टाकली आणि बॉनेटवर गुलमोहराचा सडा? गुलमोहर एप्रिल ते जूनमध्ये फुलतो. पाच फोटोंत गाडीखालची जमीन पाच तऱ्हेची असेल, तर बहुधा गाड्याही पाच आहेत.

हल्ली एआयने बनवलेले फोटोही येतात. त्यात चारही चाकांच्या टोप्या एकसारख्या नसतात, नंबर प्लेटवरची अक्षरं वितळल्यासारखी दिसतात आणि डॅशबोर्डवरचे काटे भलतीकडेच असतात.

शंका आली की एकच मागणी करा: व्हिडिओ कॉल, मध्ये न तोडता. कॅमेरा नंबर प्लेटपासून निघाला पाहिजे, बॉनेट उघडून चेसी नंबर (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला क्रमांक) दाखवला पाहिजे, मग डिकी, आणि शेवटी थंड इंजिन चालू करून. "गाडी गावाला आहे, तिकडे रेंज नाही" हे उत्तर मी आतापर्यंत सहा वेळा ऐकलंय.

४. चेसी नंबर मागा, आणि त्याची लांबी मोजा

१७ अक्षरं-आकड्यांचा चेसी नंबर ही १९८०च्या दशकापासून जगभर रुळलेली पद्धत. त्याआधीच्या गाड्यांना आखूड नंबर असायचे, प्रत्येक कंपनीचे आपापले. १९७२च्या गाडीचा म्हणून कुणी १७ अक्षरी नंबर पाठवला, तर तो दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीवरून उचललेला आहे. बाहेरच्या देशातून बोली लावणाऱ्या आपल्या लोकांनाही हे लागू पडतं. साठच्या दशकातल्या मस्टँगला किंवा बीटलला १७ अक्षरी नंबर नसतो.

फोटोवर भागवू नका. पेन्सिल प्रिंट मागा. चेसी नंबरावर पातळ कागद धरून वरून पेन्सिल घासायची, की कोरलेले आकडे उमटतात. आरटीओच्या कामांत ही पद्धत चालत आलीय, त्यामुळे खऱ्या मालकाला ती माहीत असते किंवा त्याचा गॅरेजवाला दोन मिनिटांत करून देतो. आकडे एका ओळीत, एका खोलीचे, एका वळणाचे आहेत का ते बघा. मधलाच एखादा आकडा उथळ किंवा तिरका असेल तर तिथे कुणी तरी हात मारलाय. प्रत्यक्ष गेल्यावर त्या नंबराभोवतीचा पत्रा बोटाने चाचपा. वेल्डिंगची कड लागली तर चहा पिऊन परत या.

५. सरकारी नोंद

एमपरिवहन ॲपवर किंवा वाहन पोर्टलवर नंबर टाकला की कंपनी, इंधन, नोंदणीची तारीख, फिटनेसची मुदत, विमा आणि मालकाचं अर्धवट झाकलेलं नाव दिसतं. नोंदणी चालू दाखवतात की रद्द, तेही वाचा. नोंदणी रद्द झालेली गाडी 'शोपीस' म्हणून विकली जाते आणि चार महिन्यांनी तीच 'चालू कागदांची' म्हणून पुन्हा फिरते.

जुन्या तीन अक्षरी नंबरांची गंमत वेगळी. त्यातले कित्येक संगणकावर चढलेलेच नाहीत. "ऑनलाइन दिसत नाही कारण जुनी आहे" हे म्हणणं कधी कधी खरंही असतं, आणि भामटे त्याच्याच आड लपतात. उपाय असा: मूळ आरटीओत मालकाने आरसी बुक नेऊन बॅकलॉग एंट्री करून घ्यायची, म्हणजे जुनी नोंद संगणकावर चढवून घ्यायची. व्यवहाराआधी. 'तुम्ही घेतल्यावर करून घ्या' म्हणणाऱ्याला सांगा, तुम्ही केल्यावर घेतो. आरसी हरवली असेल तर दुय्यम प्रत काढणं, म्हणजे पोलिसांत तक्रार आणि फॉर्म २६, हेही नोंदलेल्या मालकाचंच काम.

गाडी चोरीची आहे का हे बघायला राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची 'वाहन समन्वय' ही सोय आहे. चेसी आणि इंजिन नंबर टाकून तपासता येतं.

स्वस्तात येणाऱ्या दिल्लीच्या गाड्यांबद्दल थोडं. तिकडे १५ वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर बंधनं आल्यापासून त्यांचा लोंढा इकडे वळलाय. एनओसी, म्हणजे मूळ आरटीओची ना हरकत (फॉर्म २८), खरी आहे का आणि ती तुमच्याच आरटीओच्या नावाने आहे का, हे दोन्ही बघा. दुसऱ्या जिल्ह्याच्या नावाची एनओसी घेऊन हेलपाटे घालणारे मी पाहिलेत.

जुन्या गाडीचं पासिंग फुकट होत नाही, तोही हिशेब आत्ताच मांडा. १५ वर्षांवरच्या कारच्या पुनर्नोंदणीचं शुल्क एप्रिल २०२२पासून ६०० वरून ५,००० झालं, आणि २०२५ला २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी ते आणखी चढलं. वर राज्याचा पर्यावरण कर. 'पासिंग बाकी आहे, किरकोळ खर्च' यातलं 'किरकोळ' तपासून घ्या.

६. टॅक्सीची बाई झाली राणी

मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली. काळ्या-पिवळ्या टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३पासून या टॅक्सी रस्त्यावरून गेल्या. 'चालू परवान्यासह पद्मिनी टॅक्सी' अशी जाहिरात आज दिसली तर ती सरळ सरळ खोटी.

पण त्याआधी निवृत्त झालेल्या कित्येक टॅक्सी रंगवून 'डॉक्टरांची घरगुती गाडी' म्हणून विकल्या गेल्या आहेत. (जुन्या गाड्यांच्या जाहिरातींत मालक नेहमी डॉक्टर किंवा पारशी का असतो, हे मला अजून कळलेलं नाही.) टॅक्सी होती हा गुन्हा नाही, लपवणं हा आहे. दरवाजाच्या आतल्या कडा, बॉनेटखालचे कोपरे, डिकीच्या रबराखालची पट्टी नखाने खरवडा, खाली काळा-पिवळा निघतो का बघा. छपरावर कॅरियरच्या, पुढे मीटरच्या भोकांच्या बुजवलेल्या खुणा असतात, आणि डिकीत सीएनजीच्या टाकीच्या पट्ट्यांचे व्रण. खासगी वापरात बदलल्याची नोंद आरसीवर असली पाहिजे.

७. विकणारा 'फौजी' निघाला की सावध

या धंद्यातलं हे सगळ्यात झिजलेलं सोंग, आणि तरी चालतं. 'मी लष्करात आहे, किंवा सीआयएसएफमध्ये, बदली झालीय, गाडी कॅम्पात आहे, बाहेरच्यांना आत सोडत नाहीत, आर्मी ट्रान्सपोर्टने घरपोच पाठवतो.' पुरावा म्हणून ओळखपत्राचा फोटो, गणवेशातला फोटो, कँटीन कार्ड. हे सगळं कुणा खऱ्या जवानाचं चोरलेलं असतं. मग गेट पास, ट्रान्सपोर्ट, जीपीएस, विमा, एकेक रक्कम 'परत मिळणारी'. रक्कम मुद्दाम छोटी ठेवतात, म्हणजे आधीची बुडू नये म्हणून तुम्ही पुढची भरता. माझे दुसऱ्या दिवशीचे १५,००० असेच गेले.

फौजी आपली खासगी गाडी विकतात, अगदी विकतात. पण ती बघायला बोलावतात.

८. लिलाव आहे की लिलावाचं नाटक?

खऱ्या लिलावाच्या काही खुणा ठरलेल्या असतात. लिलाव कोण घेतंय याचं नाव असतं: बँक, पोलीस, सरकारी खातं किंवा एखादी लिलावसंस्था. सरकारी लिलाव बऱ्याचदा एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या पोर्टलवर होतात. गाडी बघायचे दिवस आणि जागा दिलेली असते. 'जसे आहे, जिथे आहे' ही अट असते. अनामत रक्कम संस्थेच्या नावाच्या खात्यात जाते, कुणा विनोद किंवा सुनीलच्या यूपीआयवर नाही. आणि बोली जिंकल्यावर विक्रीचं सही-शिक्क्याचं पत्र मिळतं, कारण जाहीर लिलावात घेतलेली गाडी नावावर करायला फॉर्म ३२ लागतो आणि त्याला ते पत्र जोडावं लागतं. नेहमीच्या खरेदीत गाडी नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० इथे चालत नाहीत. अर्जाची मुदत ताबा मिळाल्यापासून ३० दिवस.

हाच सोपा प्रश्न विचारा: "फॉर्म ३२ला विक्रीचं पत्र कोण देणार?" मी हा प्रश्न 'कस्टम्सने जप्त केलेल्या गाड्यांचा लिलाव' चालवणाऱ्या एका व्हॉट्सॲप नंबरला विचारला. त्याने मला ब्लॉक केलं.

नाटकी लिलावात घड्याळ फार जोरात चालतं. बोली लावणारी बाकीची नावं उघडून बघा. सगळी याच आठवड्यातली, कुणीही आधी काही घेतलेलं नाही, आणि तुम्ही आकडा टाकला की मिनिटाभरात कुणी तरी ५०० रुपये चढवतं. ते सगळे एकाच माणसाचे हात असतात.

आणखी एक चाल खऱ्या लिलावाच्या आडून येते. तुम्ही हरता. दोन दिवसांनी मेल येतो: 'जिंकणाऱ्याने माघार घेतली, तुमच्याच आकड्याला गाडी देतो, मात्र व्यवहार साइटबाहेर.' मेलचा पत्ता एका अक्षराने वेगळा असतो. परदेशातल्या लिलावांत हे फार जुनं आहे. उत्तर मेलला देऊ नका. साइटवर आपल्या खात्यात शिरून तिथे तसा निरोप आहे का बघा.

९. जाताना एकटे जाऊ नका

ज्याने ती गाडी खोललीय असा मिस्त्री बरोबर न्या. त्याची दिवसाची मजुरी आणि जेवण हा या खरेदीतला सगळ्यात स्वस्त खर्च. साधं लोहचुंबक कापडात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे लांबी, म्हणजे पुट्टी, भरलीय. डोक्यावरचं छप्पर सोडून चाकांवरचा पत्रा, दरवाजाचा खालचा भाग आणि फ्लोअर आधी बघा, गंज तिथून चढतो. सकाळी जा आणि आदल्या रात्री सांगून ठेवा की गाडी चालू करू नका. पोचल्यावर इंजिनला हात लावा. गरम असेल तर ते तुमच्या आधी का चालवलं, हे विचारायला हवं.

घर बघा, गॅरेज बघा, शेजाऱ्याशी दोन शब्द बोला. "ही गाडी इथे किती वर्षं उभी आहे हो?" याचं उत्तर शेजारी नेहमी खरं देतात, वर गाडीखाली किती मांजरं व्याली तेही सांगतात.

१०. पैसे

गाडी आणि कागद डोळ्यांनी बघितल्याशिवाय टोकन नाही. एक रुपयाही नाही. बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

क्यूआर स्कॅन करून आणि पिन टाकून पैसे जातात, येत नाहीत. 'डिपॉझिट परत करतो, हा कोड स्कॅन करा' हा दुसऱ्यांदा लुटायचा प्रकार. खात्याचं नाव आरसीवरच्या नावाशी जुळलं पाहिजे. 'मेव्हण्याच्या खात्यात टाका' असेल तर मेव्हण्याची गाडी घ्या. मोठी रक्कम आरटीओत फॉर्मवर सह्या होतील त्याच दिवशी, बँकेतून.

कागदांची यादी

मूळ आरसी, रंगीत झेरॉक्स नव्हे. फॉर्म २९ दोन प्रतींत आणि फॉर्म ३०. राज्याबाहेरची गाडी असेल तर फॉर्म २८. आरसीवर कर्जाचा बोजा दिसत असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. ती बँक तीस वर्षांपूर्वी दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असू शकते, मग ते पत्र मिळवणं हा स्वतंत्र अध्याय, आणि तो विकणाऱ्याने लिहावा. चालू विमा, पीयूसी, पुनर्नोंदणीची पावती. विकणाऱ्याचं पॅन आणि पत्त्याचा पुरावा. चेसीची पेन्सिल प्रिंट.

मालक वारले असतील तर फॉर्म ३१ने गाडी आधी वारसाच्या नावावर, मग तुमच्या. जुन्या गाड्यांत हे फार होतं. वडिलांची गाडी धाकटा मुलगा परस्पर विकतो आणि थोरला वर्षभराने पोलीस घेऊन दारात उभा राहतो. सगळ्या वारसांची संमती लेखी घ्या.

११. तरीही फसलात तर

लगेच १९३०वर फोन. नंतर नाही, घरच्यांना कसं सांगू याचा विचार करून झाल्यावर नाही. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. पैसे समोरच्याच्या खात्यात असतील तोवर ते गोठवता येतात. यूपीआयचा १२ आकडी व्यवहार क्रमांक, समोरच्याचा नंबर, जाहिरातीचे आणि गप्पांचे स्क्रीनशॉट जवळ ठेवा, चॅट पुसू नका. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी तक्रार आणि पोलीस ठाण्यात त्याची प्रत. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे.

मी लाजेपोटी आठ दिवस काढले. तोवर पैसे चार खात्यांतून फिरून एटीएममधून निघून गेले होते.

तक्रारीनंतर पंधराएक दिवसांनी फोन येतो, तोही लक्षात ठेवा. 'सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, सोडवायला २,००० रुपये प्रोसेसिंग फी.' मला आला होता. मी विचारलं, कुठल्या ठाण्यातून, मी तिथे येऊन भरतो. तो म्हणाला, साहेब, इथे बाहेरच्यांना आत सोडत नाहीत.